ठासणीच्या पिस्तुलांचा दसरा

आमच्या रीडिंगच्या घरात विळी एक होती आणि पिस्तुलं पाच, आणि घरात कुणाचं रक्त निघालं असेल तर ते विळीनंच. शाळेत असताना हे वाक्य मी पाहुण्यांसमोर हमखास टाकायचे. पाहुणे चिवड्याचा घास हातात धरून थांबायचे, आई स्वयंपाकघरातून डोळे वटारायची, आणि मी जिन्याखालच्या कपाटाकडे असा हात करायचे की आता पडदाच वर जाणार. एका दसऱ्यानंतर ते वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही. आता चाळिशी आली, कार्डिफमध्ये पोरापोरींना नाटक शिकवते, तोंडाला कुलूप म्हणून कधी नसतं. तरी हे प्रकरण मी आजवर कुठल्या मैफलीत सांगितलेलं नाही. ते सांगायला गेलं की मला त्यातले आवाज काढता येत नाहीत, आणि आवाज काढल्याशिवाय गोष्ट सांगणं मला जमत नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी त्या पिस्तुलांचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाबा कुणी गुंड होते. बाबा पुण्याहून कंपनीनं पाठवलेले सॉफ्टवेअरवाले होते, एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसायचे आणि डाळीत केस निघाला तरी तो ताटाच्या कडेला हळूच ठेवून जेवत राहायचे. पिस्तुलं सगळी नकली जुनी, म्हणजे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या चकमकीच्या पिस्तुलांच्या नव्यानं केलेल्या हुबेहूब प्रती. उडायची मात्र खरी. इंग्लंडात साध्या पिस्तुलाला बंदी आहे, पण ज्याच्या नळीत पुढून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळून शिशाची गोळी गजानं ठासायची, मागच्या पेल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे चटकन पेटणारी बारीक दारू, घालायची, घोडा मागे ओढायचा आणि मग गारगोटीची ठिणगी पडेल अशी आशा धरायची, त्याला पोलिसांचा परवाना मिळतो. एवढ्या वेळात ज्याच्यावर नेम धरलाय तो बस पकडून घरी गेलेला असतो, असं जेफकाका म्हणत.

जेफकाका म्हणजे जेफ्री, निवृत्त दंतवैद्य, ठासणीच्या हत्यारांच्या आमच्या क्लबाचे सुरक्षा अधिकारी आणि बाबांचे या देशातले एकमेव मित्र. गोल पोट, ट्वीडची टोपी आणि इतके हलके हात की त्यांनी पाठीवर थाप मारली तरी मागे वळून बघावं लागे. लोकांचे दात काढून काढून कंटाळलो, आता शिसं ओततो, असं म्हणत ते स्वतःच्या गॅसवर गोळ्या पाडायचे. क्लबात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला त्यांचा एकच पाठ असे: बार झाला की पुढची दारू ओतण्याआधी नळीत ओली चिंधी फिरवायची. आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर ती विझते. बाबा या पाठाचे सर्वात लाडके विद्यार्थी. ऑफिसात जेवतानासुद्धा फोन वाजायचा. त्या खडूच्या जुन्या खाणीत, जिथे क्लबाचं नेमबाजीचं मैदान होतं, तिथे त्यांना कुणी घाई करू शकत नसे. रविवारी संध्याकाळी ते पिस्तुलं घेऊन घरी आले की किटलीभर उकळतं पाणी आणि साबण घेऊन सिंकपाशी उभे राहायचे. घरभर सडलेल्या अंड्यांचा वास. आईनं त्या कामासाठी वेगळं टोपलं नेमून दिलं होतं, लाल, प्लास्टिकचं, आणि त्याला बाकी कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. धुऊन, पुसून, तेल लावून बाबा नळीला डोळा लावून दिव्याकडे बघायचे आणि मलाही बघायला लावायचे. आत एक चकचकीत बोगदा दिसायचा, शेवटी काळोख.

आईला हा सगळा प्रकार सुरुवातीला मुळीच पसंत नव्हता. परवान्यापूर्वी पोलिसांचा माणूस घर बघायला आला, लोखंडी कपाट भिंतीला नीट ठोकलंय का ते ओढून बघितलं, दारूची लाकडी पेटी बघितली, आणि आईनं त्याच्यापुढे चिवडा ठेवताना मला विचारायला सांगितलं की तुम्ही नाही म्हणू शकता का. मी तेवढं भाषांतर केलं नाही. आईचं इंग्रजी म्हणजे मी. तिला समजायचं सगळं, पण बोलायला ती तयार नसे; चुकलं तर हसतील ही धास्ती. त्यामुळे कौन्सिलला, केमिस्टकडे, शाळेत, सगळीकडे मी तिच्या वतीनं बोलायचे आणि पदरचा मालमसाला घालायचे. एकदा शाळेतल्या बाईंनी माझ्या वात्रटपणाबद्दल पाच मिनिटं तक्रार केली, ती मी आईला कौतुक म्हणून ऐकवली. आई मान डोलावत राहिली, बाईंना हात जोडून निघाली, आणि घरी जाताना बसमध्ये तिनं ती तक्रार मला शब्द न शब्द परत ऐकवली, मराठीत. तेव्हापासून मी जरा जपून असायचे.

पिस्तुलं घरात आलीच आहेत तर दसऱ्याला त्यांची पूजा व्हायलाच हवी, हे मात्र आईचंच म्हणणं. पुण्याला आमच्या शस्त्रपूजेत काय असायचं, तर स्कूटर, पाना आणि आजोबांचा अडकित्ता. इथे खरीखुरी शस्त्रं घरात असताना ती कपाटात डांबून विळीला हळदकुंकू वाहायचं, हे तिला पटेना. मग दरवर्षी पाटावर लाल कापड, त्यावर पाच पिस्तुलं ओळीनं, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती, समोर निरांजन, आणि प्रत्येकाला आईनं वळलेलं कापसाचं वस्त्र, मधेमधे कुंकवाचं बोट लावलेलं. कापूस केमिस्टकडचा. त्याला इथे कॉटन वूल म्हणतात. हे कापूस आहे की लोकर ते एकदा ठरवा, असं आईनं त्या दुकानातल्या मुलीला माझ्याकडून विचारून घेतलं होतं. बाबांची एकच अट असे. निरांजन लागायच्या आधी दारूची पेटी कुलपात, आणि पूजा होईपर्यंत किल्ली त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात, परवान्याशेजारी. ते पुनःपुन्हा खिसा चाचपायचे. आग कुठून लागेल याचा त्यांनी इतका विचार केला होता.

त्या वर्षी दसरा शनिवारी होता. पाचातलं सर्वात मोठं पिस्तूल नवं होतं, लांब नळीचं, पितळी मुठीचं. नळी इतकी गुळगुळीत की वस्त्र तिच्यावर ठरेना. आईनं दोनदा सारखं केलं, दोनदा ते घसरून पाटावर आलं. तिसऱ्यांदा तिनं वस्त्राचं टोक करंगळीनं नळीच्या तोंडात जरासं दाबलं, जसं आपण गाठ न मारता पदराचं टोक खोचतो तसं. मी शेजारी उभी राहून आरतीची घंटा वाजवत होते, नको तितकी जोरात. ते मला दिसलं, आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी. दुपारभर घरात तुपाचा आणि कापराचा वास होता, आणि सिंकपाशी लाल टोपलं पालथं पडलं होतं.

रविवारी सकाळी बाबांनी निर्माल्य काढलं, पिस्तुलं पुसली, सवयीनं प्रत्येक नळीत तेलाच्या चिंधीचा गज एकदा फिरवला, आणि आम्ही खाणीत गेलो. मला क्लबात सगळे ओळखायचे, कारण कुणाचा नेम बसला की मी क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं ओरडून जाहीर करायचे. जेफकाकांना बाबांनी सोनं दिलं. आपट्याचं पान इंग्लंडात कुठलं, आमच्या मागच्या कुंपणालगतच्या लॉरेलच्या झुडपाचं. जेफकाकांनी ते टोपीच्या पट्टीत खोचलं. मग बाबांनी नवं पिस्तूल त्यांच्यापुढे धरलं. मुठीवरचं कुंकू मुद्दाम ठेवलं होतं. पूजेनंतरचा पहिला बार तुमच्या हातचा, बाबा म्हणाले. आणि एवढ्या मोठ्या सन्मानाला काय करावं ते न सुचून जेफकाकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

पहिला बार मधोमध लागला. मी ओरडले, बाबांनी टाळ्या वाजवल्या, वन्स मोअर म्हणाले. नाटकातला शब्द, माझ्याच तोंडचा. जेफकाका हसत हसत दुसऱ्यांदा भरायला लागले. वयामुळे जवळचं नीट दिसेना म्हणून त्यांनी संरक्षक चष्मा कपाळावर सरकवला. दारूची छोटी नळकांडी दातांनी उघडली आणि पिस्तुलाच्या तोंडाशी धरून वाकून ओतली. धडाम असा आवाज नाही झाला. कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसा आवाज झाला, भक्कन, आणि एक पांढरी जीभ नळीतून वर आली. जेफकाका खाली बसले, पडले नाहीत, बसले, एखाद्या सहलीला आल्यासारखे. टोपी दूर जाऊन पडली होती, तिच्यात पान तसंच होतं. मग त्यांनी उजवा हात चेहऱ्यावरून बाजूला केला. ते मी लिहिणार नाही.

साउथहॅम्प्टनच्या मोठ्या इस्पितळात त्यांचा उजवा डोळा काढावा लागला. उजव्या हाताची दोन बोटं वाचली पण वाकेनात. पोलिसांनी पिस्तूल नेलं, तपासलं, त्यात दोष नाही म्हणून सांगितलं. क्लबानं विचारलं तेव्हा जेफकाकांनी बिछान्यातूनच सांगून टाकलं की चूक माझी, दोन बारांच्या मधे ओली चिंधी फिरवली नाही. सुरक्षा अधिकाऱ्याचं पदही सोडलं. क्लबातले लोक हळहळले आणि मग हळू आवाजात म्हणू लागले की वय झालंय, तरी चाललं होतं म्हणून चाललं होतं. बाबा मंगळवारी ऑफिसातून परस्पर त्यांना भेटायला गेले. परत आले, हातपाय धुतले, ताटावर बसले, आणि आईनं काय म्हणाले म्हणून विचारल्यावर सांगितलं की जेफ फार बोलत नाहीत, एकच गोष्ट परत परत विचारतात. धुतलेली नळी, एकच बार झालेला, तिच्यात धुमसायला राहिलं काय? स्वतःलाच विचारतात. मी काहीतरी केलं असेन आणि मला आठवत नाही, असं म्हणतात. आयुष्यभर लोकांच्या तोंडात सुया घातल्या या हातांनी, कधीपासून असं व्हायला लागलं असेल, म्हणतात.

आई भात वाढत होती. तिची पळी तशीच राहिली.

"वस्त्र," ती म्हणाली. मग करंगळी वर करून तिच्याकडे बघितलं. "मी टोक आत खोचलं होतं. त्या सकाळी काढलंत तेव्हा अख्खं निघालं का?"

बाबांनी ताटातला हात काढून घेतला. मग म्हणाले, तुटलं होतं. टोक दिसेना, गळून पडलं असेल असं वाटलं. गज फिरवताना तळाशी जरा मऊ लागलं. उशीर होत होता. म्हणजे तेलाच्या चिंधीनं तो कापूस पार तळाशी ढकलला होता, तेल पाजून, वातीसारखा. पहिल्या बारानं तो पेटला आणि धुमसत राहिला. हे बाबांना कधी कळलं? रविवारी दुपारीच, खाणीत, ॲम्ब्युलन्स यायच्या आधी.

त्यानंतर जे बोलणं झालं ते आवाज न चढवता झालं, आणि म्हणून मला जास्त भीती वाटली. बाबांचं म्हणणं, जेफनी स्वतः चूक कबूल केली आहे, विषय संपलाय. आपण सांगितलं तर परवाना जाईल, पोलिसांत नोंद होईल, आपला या देशात कायम राहण्याचा अर्ज सरकारकडे पडून आहे, तिथे हे धरलं तर मुक्ताचं, म्हणजे माझं, कॉलेज, घर, सगळं कुठे जाईल? डोळा काही परत येणार नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. "तुमचा विषय संपला असेल," ती म्हणाली. "ते तिकडे पडून स्वतःचे हात तपासतायत." आणि रविवारी मला घेऊन चला, डबा करते, एवढं सांगून तिनं भात वाढला.

रविवारी बाबा गाडीतून उतरले नाहीत. कार पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून, हीटर लावून बसले. आई डबा घेऊन पुढे निघाली तेव्हा त्यांनी काच खाली करून मला थांबवलं. "मुक्ते, आईला काय बोलायचं ते बोलू दे. तू त्यांना नुसतं सॉरी सांग. तुला जमतं ते." माझ्या भाषांतरांचं इतकं कौतुक त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

जेफकाका खिडकीजवळच्या बिछान्यात होते, निम्मा चेहरा पांढऱ्या पट्टीत, उजवा हात उशीवर ठेवलेला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय. मला बघून त्यांनी कॉमेंट्री कुठे आहे असं विचारलं. मी हसले असेन. आई खुर्चीच्या कडेला बसली, पदर सारखा केला, आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "त्यांना सांग, नळीत कापूस होता. देवाच्या वस्त्राचा. मी खोचला होता, तो आत राहिला. त्यांच्या हातून काही चुकलेलं नाही."

मी उभी राहिले. खाली बाबा गाडीत, इथे आई, समोर एक डोळा. मला त्या वेळी वाटेल ते सांगता आलं असतं. दहा वाक्यं तयार होती, एकाहून एक सरस. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या ट्रेमध्ये नर्सनं ठेवलेला कापसाचा बोळा होता, त्याच्याकडे बघत म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. पदरचं काही न घालता, तिच्याच क्रमानं. तेवढं एक भाषांतर मी आयुष्यात सरळ केलं.

जेफकाका उशीला टेकून जरा वर सरकले. मग डॉक्टर विचारतात तसं विचारलं, कुठला कापूस, केमिस्टकडचा? त्याला तेल लागलेलं होतं? मी हो म्हणाले. "मग धुमसणारच," ते म्हणाले. "अर्थात धुमसणार." आणि त्यांनी श्वास सोडला, इतका लांब की मला वाटलं आठवडाभर तो आतच धरला होता. उशीवरचा हात त्यांनी दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर घेतला. मला वाटत होतं माझं डोकं चाललंय, म्हणाले. मग जरा हसले. ओली चिंधी मी घातली नाही हे खरंच. साऱ्या जगाला शिकवली. पण ती नळी तुझ्या वडिलांची होती. तिच्यातून मी सूप प्यालो असतो.

आई ऐकत होती. मी मराठी करायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच नको म्हटलं, समजतंय.

मग हसणं थांबलं. तो एक निळा डोळा माझ्यावर आला आणि त्यांनी विचारलं, मंगळवारी तुझे वडील इथे बसले होते, या खुर्चीवर, मी हेच विचारत होतो तेव्हा. तेव्हा त्यांना हे माहीत होतं?

प्रश्न मला होता. मी आईकडे वळले.

"यस," आई म्हणाली.

या देशात आल्यापासून परक्या माणसाशी ती स्वतःहून इंग्रजीत बोलली तो हा पहिला शब्द. जेफकाकांनी मान हलवली, खिडकीकडे तोंड फिरवलं. तिथून कार पार्क दिसत होता. तुझ्या वडिलांना म्हणावं आता येऊ नका, ते म्हणाले, अगदी सौम्यपणे, दाढ काढण्याआधी बोलतात तसं. तुम्ही मात्र या, मॅडम. डबा ठेवून जा.

गाडीत बसल्यावर बाबांनी काय झालं विचारलं. आई म्हणाली, डबा ठेवून घेतला. मोटरवेला लागल्यावर म्हणाली, तुम्ही येऊ नका म्हणालेत. बाबांनी वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

पुढच्या बैठकीला बाबा क्लबात उभे राहिले आणि सगळं बोलले. त्यांना कुणी बोलवलं नव्हतं. परवाना स्वतः जाऊन परत दिला. पिस्तुलं विकता आली असती, विकली नाहीत. तोडून टाका म्हणून पोलिसांकडे दिली. न्यायला तोच चिवडा खाल्लेला माणूस आला होता आणि या वेळी त्यानं चहासुद्धा घेतला नाही. ज्या अर्जाची बाबांना भीती होती तो वर्षभरानं मंजूर झाला. त्या दिवशी घरात गोड झालं नाही. दिवाळीपासून पार बर्फ पडेपर्यंत बाबा आईशी बोलत नव्हते. मुक्ते, आईला सांग मीठ कमी आहे. मुक्ते, बाबांना सांग मीठ समोरच आहे. दोघांचीही भाषा पुण्याची आणि मधे दुभाषी मी. पूर्वी मी यातही नकला घातल्या असत्या. जिन्याखालच्या लोखंडी कपाटात पुढे आईनं रांगोळी आणि पुरणयंत्र ठेवलं. लाल टोपलं कुणी टाकलं ते मला माहीत नाही.

दसऱ्याला शस्त्रपूजा होतच राहिली. पाटावर विळी, कात्री, बाबांचा लॅपटॉप. हळद, कुंकू, फूल. वस्त्र नाही. आणि पूजा झाली की आई कुंपणाचं एक पान तोडून पर्समध्ये ठेवायची आणि बाबांना म्हणायची, निघूया. जेफकाका एका खेड्यात राहायचे, तिथे बस जात नसे. बाबा तिला दारापाशी सोडायचे आणि रस्त्यापलीकडे गाडी उभी करून, हीटर लावून बसून राहायचे. आई आत जाऊन पान द्यायची, डबा द्यायची, चहा प्यायची. मोडक्या इंग्रजीत का होईना, दोघं बोलायची. जेफकाकांच्या बैठकीच्या खिडकीतून आमची गाडी समोरच दिसायची. माझ्या कॉलेजबद्दल ते विचारत, पुऱ्यांबद्दल विचारत, पण गाडीबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. बाबांनीही आत काय बोलणं झालं ते विचारलं नाही. बाहेर आल्यावर आई नुसतं, बरे आहेत, म्हणायची. असं वर्षानुवर्षं.

शेवटच्या दसऱ्याला मी कार्डिफहून आले होते आणि आईबरोबर आत गेले. जेफकाका फार खंगले होते. अंगणात खडी टाकून घेतली होती, झाड म्हणून एक उरलं नव्हतं, पाणी घालणं होत नाही म्हणाले. पान घेऊन त्यांनी छातीच्या खिशात ठेवलं. निघताना आई दारात थांबली आणि तिनं खिडकीकडे, पलीकडच्या गाडीकडे पाहिलं. जेफकाकांनीही पाहिलं असणार. ते म्हणाले, सांभाळून जा, मॅडम, आणि दार लावून घेतलं.

आम्ही गाडीत बसलो. आई पुढे, मी मागे. आईनं पर्स उघडली आणि एक पान काढून बाबांपुढे धरलं.

"हे तुमचं. त्यांनी दिलंय."

मी मुलांना खोटं कसं बोलावं ते शिकवते, त्याच्यावर माझं पोट आहे. नजर चोरायची नाही, आवाज उंचवायचा नाही, वाक्य लांबवायचं नाही. त्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. पान लॉरेलचं होतं, आणि त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक थेंब वाळलेला होता. त्या उन्हाळ्यात बाबांनी आमच्या मागच्या कुंपणाच्या फळ्यांना स्वतः पांढरा रंग दिला होता.

बाबांनी पान उलटं केलं, सुलटं केलं. त्यांचा अंगठा त्या थेंबापाशी येऊन थांबला. "बरं," ते म्हणाले, आणि पान शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

आईनं बेल्ट लावला. "तो हीटर बंद करा आता," म्हणाली, "उकडतंय."